घुग्घुसची धूळ आणि एकच फडकं

बाबा, पांढरीला शिंगरू झालं. उजाडता उजाडता झालं, आणि घरात चहा होऊन निवतो न निवतो तोच ते काठीसारख्या पायांवर उभं राहिलं, एकदा कोसळलं, पुन्हा उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली तोंड खुपसून प्यायला लागलं. रंग म्हणाल तर ओल्या मातीसारखा काळपट. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून म्हणाली, "पांढऱ्या घोडीले काळं पोर कसं झालं जी?" तुम्ही असता तर तिला हातातलं सूप खाली ठेवायला लावलं असतं आणि समजावलं असतं की पांढरी घोडी जन्मतः कधी पांढरी नसते, ती वर्षावर्षानं उजळत जाते. मी समजावलं नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि ओठांत शाळेतल्यासारखी कसली तरी चाल घोळत होती, शब्द नव्हते तिला.

हे सगळं तुम्हाला सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण हे शिंगरू होणार नाही अशी वेळ आली होती. तुम्ही गेलात तेव्हा तबेल्यात टांग्याच्या घोड्या होत्या. आता चंद्रपुरात टांगा शोधून सापडायचा नाही. धाकट्यानं जाताना तबेला त्याच्या पोराच्या हाती दिला, आणि हा माझा पुतण्या घोड्या फक्त वरातीला लावतो. पिकअप गाडीत चढवायच्या आणि घुग्घुस, मूल, गडचिरोली, कधी पार अहेरीपर्यंत न्यायच्या. मी मास्तरकी संपवून परत आलो, तो त्याच जुन्या घरात, तबेल्याला लागून असलेल्या खोलीत. कामाचा मी तेव्हाही नव्हतो, आताही नाही. सकाळी अंगणात खाटेवर बसतो, पाचवीच्या पुस्तकातल्या कविता आठवतो, कुठली ओळ विसरली की दिवसभर तिच्यामागं लागतो. पुतण्या म्हणतो, "काका, तुमचं बरं हाये. तुमची घोडी डोक्यातच चरते."

पण तुमचं घोड्यांची नाकं पुसणं मी विसरलो नाही. घुग्घुसकडून परत आलात की अजून दिसतं ते मला. सूर्य कलला आहे, घोडीच्या घामावर कोळशाची धूळ बसून पाठीवर काळ्या वेली उमटल्या आहेत. तुम्ही स्वतः पाणी पीत नाही. आधी बादली भरता, खांद्यावरचा दुपट्टा काढता, त्याचं एक टोक भिजवून घोडीच्या नाकपुडीत हलकेच बोट फिरवता, आईनं बाळाचं नाक पुसावं तसं. फडक्यावर काळं येतं. ते पिळून मग शेजारचीला, मग तिच्या शेजारचीला, जी घरीच होती तिलाही. "तिनं काय पाप केलं? तिलेबी बरं वाटते," म्हणता. आई चुलीपाशी चणे शिजवताना आतून ओरडते, "घोड्यायचं झालं असन तं माणसायचंबी पाहा!" आणि तुम्ही हसता. घुग्घुसला जाणाऱ्या सगळ्या टांगेवाल्यांनी तुमचं पाहून ही रीत उचलली होती. कुठल्या शहरात घोड्यांची अशी नाकं पुसत असतील असं मला वाटत नाही.

तुमची बोलणीही आठवतात. एकदा मी घोडीला हौदाजवळ उघड्यावर बांधून पुस्तक वाचत बसलो होतो. तुम्ही मागून आलात. "पुस्तक वाच, मी नाई कुठी म्हणतो. पण घोडीले वाऱ्यात काऊन बांधली? वारा काय पत्ता विचारून येते का?" त्या दिवशी पाठीत एक धपाटाही बसला. आणि त्याच आठवड्यात अहेरीच्या बाजारातून येताना तुम्ही माझ्यासाठी जुनं कवितांचं पुस्तक आणलंत, कोपरे कुरतडलेलं, कव्हर नसलेलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून दुकानदाराला त्यातली एक कविता म्हणून दाखवायला लावली होती आणि चाल पटल्यावर ते घेतलं होतं. खरारा करताना मी त्यातलं म्हणत असे. घोड्या कान मागं करून ऐकत. तुम्हीही ऐकत होतात, पण तोंड फिरवून.

मग तो तांबडीचा उन्हाळा. तबेल्यात खोकला शिरला. आधी घुग्घुसला जाणारी खोकू लागली, मग जिला घराबाहेर काढली नव्हती तीही. तुम्ही म्हणालात, धूळ बसली. तुम्ही दिवसातून दोनदा, चारदा नाकं पुसू लागलात. तुमचा हात इतका हळुवार मी कधी पाहिला नव्हता. तांबडी म्हातारी होती, तिला ताप सोसला नाही. ती गेल्यावर तुम्ही तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून आपल्याच तळहाताकडं पाहत म्हणालात, "माह्या हातून काई तरी राह्यलं." आई म्हणाली, "तुमच्या हातून काय राह्यलं? रातंदिवस तं पुसून राह्यले." तुम्ही मान हलवलीत. ते वाक्य मी इतकी वर्षं घेऊन फिरतो आहे.

यंदा लग्नाचा हंगाम सुरू झाला आणि आपली अबलख घोडी घुग्घुसची वरात करून आली. तिथं एकाच मैदानात अनेक वराती निघाल्या होत्या, सगळ्यांच्या घोड्या एकाच हौदावर पाणी प्यायल्या. आल्यावर एक-दोन दिवसांत तिला कोरडा, ठसकेबाज खोकला लागला. पुतण्यानं तुमचंच केलं. बादली, फडकं. आधी अबलख, मग कुमेत, मग पांढरी. पांढरी तेव्हा गाभण होती, दिवस भरत आले होते, पोट लोंबू लागलं होतं. मीही कौतुकानं पाहत होतो. वाटलं, तुमची, त्याच्या आबाजीची, रीत नातवाच्या हाती उतरली. नंतर कुमेत खोकू लागली. ती तर घुग्घुसला गेलीच नव्हती.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई आल्या. वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या, पायात गमबूट, बोलणं चटपटीत. पुतण्या त्यांना बोलवायला तयार नव्हता. गल्लीत अफवा होती की सरकारचे लोक आले की सुई देऊन घोडी मारूनच टाकतात. मी त्याच्या नकळत फोन केला. बाईंनी ताप पाहिला, नाकातला नमुना घेतला आणि विचारलं, "हे कशानं झालं म्हणता?"

"घुग्घुसची धूळ, मॅडम," पुतण्या म्हणाला. "दोन दिवस पुसलं का जाते."

"धुळीनं खोकला येईल. ताप कुठून येईल? आणि ही कुमेत तर घरीच होती ना?"

"हवेनं आली असन."

"हवेनंच आली," बाई म्हणाल्या, "पण धूळ नाही आली."

मग तपासणीचं उत्तर आलं. घोड्यांचा फ्लू. यात मारायबिरायचं काही नसतं, हे ऐकून पुतण्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. पण बाई पांढरीकडं पाहत होत्या. म्हणाल्या, हिला अजून ताप नाही. जोराचा ताप चढला तर पोटातलं राहील याची खात्री नाही. खोकल्याबरोबर नाकातोंडातून जे तुषार उडतात त्यात हे विषाणू असतात, ते वाऱ्यावर शेजारच्या दावणीपर्यंत पोचतात. पण तेवढ्यावर भागत नाही. ते हौदात पडतात, बादलीच्या काठाला चिकटतात, लगामाच्या कडीवर, झुलीवर, गाडीच्या फळीवर बसतात. ओल आणि सावली मिळाली तर तिथं तासन्‌तास, कधी दिवसदोन दिवससुद्धा तग धरतात. साबण आणि कडक ऊन त्यांना सोसत नाही.

"आन् माणसाले?" पुतण्यानं विचारलं.

"माणसाला सहसा नाही होत. पण माणूस त्यांची गाडी होतो." आणि जाता जाता मला म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही दिवसभर इथंच बसता ना? मग मला एवढं पाहून सांगा, या घोड्या कशाकशाला नाक लावतात?"

बाबा, जन्मात मला पहिल्यांदा कोणी माझ्या लायकीचं काम दिलं! नुसतं बसून पाहायचं. मी खाट तबेल्यासमोर ओढली. आणि काय सांगू, जे रोज दिसत होतं ते त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. अबलख हौदात तोंड बुडवते, पाण्यातच फुरफुरते, आणि पाण्यावर चकाकणारा तवंग हळूहळू दुसऱ्या काठाला जातो, जिथं पांढरी पिते. कुमेत दावणीच्या लाकडाला नाकपुडी घासते, तिथलं लाकूड गुळगुळीत झालं आहे. पांढरीही मान लांबवून तिथंच घासते. पुतण्या अबलखचा लगाम काढून ज्या खिळ्याला अडकवतो त्याच खिळ्याला सगळ्यांचे लगाम, एकावर एक. मग मी उठलो, अबलखच्या मानेवर थोपटलं, तिनं माझ्या खांद्यावर खोकून नाक पुसलं. तसाच पांढरीकडं गेलो, सवयीनं. ती आपली माझ्या त्याच खांद्यात तोंड घालू लागली, आणि मी विंचू चावल्यासारखा मागं सरलो. पांढरीला वाटलं मी रागावलो. कान पाडून पाहत राहिली बिचारी. आणि संध्याकाळी पुतण्या बादली घेऊन आला, फडकं भिजवलं, अबलखच्या नाकात घातलं, पिळलं आणि पांढरीकडं वळला.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की कुमेतनं दावं ताणलं.

"काय झालं जी काका?"

"पुसू नको तिला. त्या फडक्यानं नको, त्या पाण्यानं नको."

"आबाजी असंच पुसत होते. साऱ्या गावाले त्यायनंच शिकवलं." त्याचा आवाज चढला. "आज तुमी त्यायले खोटं पाडून राह्यले का?"

मी फडकं त्याच्या हातातून घेऊन खाली टाकलं आणि म्हटलं, "आबाजी आज असते तर त्यांनीच हे पहिल्यांदा फेकलं असतं. त्यांना रीत प्यारी नव्हती, घोडी प्यारी होती." फडकं जमिनीवर पडलं होतं, आणि आम्ही दोघं त्याच्याकडं साप पाहावा तसं पाहत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी घराचं रूप पालटलं. आपल्या रिकाम्या वाडीत, जिथं आजूबाजूला एकही घोडं नाही, तिथं पांढरीला हलवलं. तिच्याबरोबर मी. पुतण्यानं आजारी दोघींचं करायचं, मी पांढरीचं. त्यानं वाडीत पाऊल टाकायचं नाही, मी तबेल्यात नाही. माझा डबासुद्धा तो फाटकाबाहेर दगडावर ठेवून हाका मारायचा, "काका, कैद्याचा डबा आला!" हौद उपसून घासला. प्रत्येकीची बादली वेगळी, तिच्यावर रंगाची पट्टी. तबेल्यावरचं प्लॅस्टिक ओढून काढलं आणि वारा-ऊन आत घेतलं. लगाम, मोरक्या, झुली साबणानं धुऊन पत्र्यावर पसरल्या. आणि आपलं ऊन, बाबा! ज्या उन्हापायी अख्खा महाराष्ट्र चंद्रपूरकरांची कीव करतो, ते ऊन त्या झुलींवर असं उतरलं की मखमलीला हात लावता येईना. मी वाडीतून पत्र्यावरचा तो लाल-हिरवा पसारा पाहायचो आणि मनात म्हणायचो, सूर्यदेवा, तापा, आणखी तापा, आज तुमचीच गरज आहे.

पण गल्लीत एक दार बंद होतं. आपल्या शेजारचे भाऊ, तेही घोडेवाले. त्यांच्या घोड्याचा खोकला तबेल्याच्या भिंतीपलीकडून पुतण्याला ऐकू येत होता आणि ते शपथेवर सांगत होते की तो घरातल्या म्हातारीचा खोकला आहे. अहेरीला मोठ्या लग्नाचं त्यांनी कबूल केलं होतं. तिथं सिरोंच्यापासून घोड्या येणार होत्या. मी रस्त्यावरूनच बोललो.

"भाऊ, घोडा नेऊ नका. तिथल्या साऱ्यांना लागेल."

"गुरुजी, तुमी घोडी वाचवा, मी जुबान वाचवतो."

"बोलून तर पाहा त्यांच्याशी."

"वर्ग भरवून राह्यले का? छडी आणली असन तं दाखवा."

मी परत आलो. छडी मी कधी वापरली नव्हती. माझ्याजवळ एकच हत्यार होतं. पांढरीसमोर बसून चार ओळी जुळवल्या, आपल्या जुन्या पुस्तकाच्या चालीवर:

ज्याची त्याला बादली द्यावी,
लगाम उन्हात टांगावा;
खोकला ज्याच्या दारी आला
त्याने आधी सांगावा.

कविता म्हणून फार मोठी नाही, मला कळतं. पण वाडीच्या कुंपणाशी खेळणाऱ्या पोरांना शिकवली, आणि पोरांना चाल मिळाली की काय होतं ते मास्तराला विचारावं. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली गात होती. दळण आणणाऱ्या बाया गात होत्या. भाऊंच्या दारासमोरून जाताना तिसरी ओळ जरा मोठ्यानं होत होती. भाऊ आधी काठी घेऊन धावले, मग खिडकी लावून बसले, आणि शेवटी भर दुपारी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून ओरडले, "आला बाप्पा, आला! माह्या दारी आला! आता तरी गप बसा!" गल्लीत हशा पिकला, आणि भाऊही हसायला लागले. त्यांनी अहेरीला फोन लावला. नवरदेव फुलं लावलेल्या ट्रॅक्टरवरून गेला म्हणे, आणि लोकांना तेच जास्त आवडलं. आता भाऊ सगळीकडं सांगतात की घोडा घरी ठेवायची अक्कल पहिल्यांदा त्यांनाच सुचली. सांगू देत.

एका सकाळी मात्र पांढरी खोकली. एकदा, मग पुन्हा. मी तिच्या पोटावर हात ठेवून उभा राहिलो. आत काही तरी हललं, आणि मला रडू फुटलं. डॉक्टर बाई आल्या, ताप पाहिला, नाक पाहिलं, मग खाली वाकून दावणीतलं कोरड्या चाऱ्याचं कुटार मुठीत घेऊन फुंकलं. धुळीचा लोट उठला. "गुरुजी, या वेळी खरोखर धूळच आहे," त्या म्हणाल्या. "कुटार भिजवून द्या." असे आम्ही दोघं हसलो की पांढरीनं मान वर करून पाहिलं. त्यानंतर ती खोकली नाही. अबलख आणि कुमेतचा ताप उतरला, त्यांना पुरेपूर विश्रांती दिली. पुढं सगळ्यांना लस द्यायची असं ठरलं. गल्लीतलं एकही जनावर गेलं नाही. एकही नाही, बाबा.

आता ते तळहाताचं. हे पत्र लिहायला बसलो ते त्यासाठी, आणि इतका वेळ टाळत आलो तेही तेच. तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं. तुमच्या हातूनच ते गेलं होतं, एका नाकातून दुसऱ्या नाकात, त्या ओल्या दुपट्ट्यावरून. ज्या घोड्यांना कोणी हिडीसफिडीस केलं, कोपऱ्यात नेऊन बांधलं, त्या कदाचित वाचल्या असतील. तुम्ही माया सगळ्यांना सारखी वाटलीत, आणि मायेबरोबर तेही वाटलं गेलं. हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. आणि वाऱ्याचं तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. धपाटा मी अगदी योग्य कारणासाठी खाल्ला. रीत आम्ही मोडलेली नाही. घुग्घुसहून आलेल्या घोडीचं नाक पुतण्या अजूनही पुसतो, तसाच हळुवार, फक्त तिच्याच फडक्यानं, आणि पुढच्या घोडीकडं जाण्याआधी हात साबणानं धुतो. मी पाहतो तेव्हा मला त्याच्या मनगटात तुम्ही दिसता.

तरी हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायला पत्ता नाही हे तर आहेच. पण असता तरी त्या तळहाताच्या परिच्छेदापाशी माझा हात अडखळला असता. वहीतच राहू दे. मात्र एक गोष्ट वर कोणाकडून तुमच्या कानी जाण्याआधी मीच सांगून टाकतो. परवा बरी झालेली अबलख आजारानंतरच्या पहिल्या वरातीला गडचिरोलीला नेली, मीही गेलो. बँड सुरू झाला, अबलखनं मान उचलली, पाय असे टाकले की रस्त्यातली माणसं थांबून पाहू लागली. घोडीवाल्यानं वरातीत नाचायचं नसतं, तुमचा हा नियम धाकट्यानं पाळला, पुतण्या पाळतो. लगाम धरायचा, खाली पाहायचं, नाच लोकांचा आणि जोखीम आपली. पण लगाम माझ्या हातात नव्हता, आणि पाय माझं ऐकेनात. मी नाचलो, बाबा. भर रस्त्यात, या वयात, दोन्ही हात वर करून. आणि थांबलो तो दम लागला म्हणून. तुमचा नियम आठवला म्हणून नाही.